आजोबा चार बोटं खाली उतरले

हे सांगायचं नाही असं मावशीने मला बजावलंय, आणि बजावलंय म्हणजे कसं, तर माझी हनुवटी धरून, डोळ्यांत डोळे घालून, "मेरेआना, माझ्या आतड्यांची आणि माझ्या हाडांची चर्चा धक्क्यावर व्हायला नको, कळलं? बोट सुटेपर्यंत तोंड मिटून बसायचं. तुला काही ते अवघड नाही." म्हणजे बघा, वर टोमणा. आता मी खरंच बोलत नाही हो. शाळेत बाई हजेरी घेतात तेव्हा मी नुसता हात वर करते, कारण 'हजर' म्हणायला तोंड उघडावं लागतं. पण तुम्ही सगळे इथे आपापल्या बादल्यांवर बसलाय, वारा काही पडत नाहीये, बंदराच्या तोंडाशी लाटा फुटताहेत, बोट कधी लागेल ते कुणालाच माहीत नाही, आणि मावशी तिकडे शेडमध्ये रेवीमामाशी मिठाच्या पोत्यांवरून वाद घालतेय... तर तुम्हाला सांगते. पण हळू. जरा जवळ सरका. आणि तुमच्यात कुणी आमच्या नात्यातलं असेल, म्हणजे या दक्षिण टोकाच्या ब्लफ गावात नात्यातलं नाही असं असतं तरी कोण, पण असेल, तर त्याने कान झाकून घ्यावेत.

आमच्या घरातल्या वस्तू खाली यायला लागल्या.

पडायला नाही हं. खाली यायला. पडणं वेगळं, पडलं की आवाज होतो, आजी ओरडते, कुणीतरी झाडू आणतं. या वस्तू उतरत होत्या. शिस्तीत. पहिल्यांदा कप. चुलीच्या वर भिंतीला भांडी अडकवायच्या आकड्यांच्या दोन ओळी आहेत, कप कायम वरच्या ओळीत, खालच्या ओळीत कालथे आणि चाळण्या. एका सकाळी बघते तर उलट. मला वाटलं आजीने केलं असेल. आजीला वाटलं मी. मी काही बोलत नाही आणि आजीला काही ऐकू येत नाही, त्यामुळे तो विषय तिथेच मिटला. मग फ्रिजवरचा रेडिओ खिडकीच्या कट्ट्यावर उतरला. तोच रेडिओ, तेच हवामानाचे अंदाज, फक्त आवाज आता खालून यायचा, कुणी मूल बोलत असल्यासारखा. मग पिठाची बरणी. मग मागच्या अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी. मी रोज तिच्याखालून जाते, तशी गेले, आणि दोरी माझ्या गळ्याला लागली. कालपर्यंत ती डोक्यावरून जायची. ओल्या चादरी दोन्ही बाजूंना हलताहेत, मधे मी, गळ्याशी दोरी... विचार करा.

आणि मग न्हाणीघरातला आरसा. मी सकाळी दात घासायला गेले, वर बघितलं, तर मला कपाळ नव्हतं. भुवयांपाशी मी संपले होते. त्याच्या वर नुसती भिंत, आणि भिंतीवर जुन्या खिळ्याचं एक भोक, डोळ्यासारखं माझ्याकडे बघणारं.

मी काही बोलले नाही.

घरात तशा आम्ही तिघीच. आजी, नायरी मावशी आणि मी. आई तिकडे समुद्रापार पर्थकडे खाणीत ट्रक चालवते, नाताळला येते. रेवीमामा पलीकडच्या गल्लीत राहतो, पण जेवायच्या वेळी त्याला ती गल्ली आठवत नाही. तर मामा म्हणाला, "भूतबीत काही नसतं. घर जुनं झालं की बसतं." आजी म्हणाली, "घर बसलं तर भिंतीसकट बसेल ना रे, नुसते कप कसे बसतील?" मामा म्हणाला, "हे बघ आई, मी शिकलेला माणूस आहे," आणि त्या दिवसापासून दाराकडे तोंड करून जेवायला लागला.

रोगाचं निदान शेवटी आजीनेच केलं. म्हणाली, "म्हातारा आहे."

म्हातारा म्हणजे आमचे आजोबा, ऑक्टोबरात गेले, भर वसंतात. आता तुम्ही आजोबांना बघितलंय. उंची जेमतेम, त्यातून जन्मभर बेटावर पाठीवर ओझी वाहून वाकलेले, आणि आजीचं माहेर सगळं ताडमाड, मावशी पण तिच्यावर गेलेली, त्यामुळे घरात सगळ्या वस्तू उंच आणि आजोबांची आयुष्यभर एकच कटकट, "या घरात मी राहतो की जिराफ?" त्यामुळे आजीचं म्हणणं अगदी सरळ होतं. "जिवंतपणी कुणी ऐकलं नाही त्याचं. आता स्वतःच करून घेतोय."

पण गेलेला माणूस राहतो कसा? घर तर तुडवलं होतं. म्हणजे आजोबांना माती देऊन परत आल्यावर टेओकाका पुढे, ते चर्चचं बघतात ना, ते प्रार्थना म्हणत, पाणी शिंपडत, आणि मागून आम्ही सगळे पाय वाजवत, प्रत्येक खोलीत, प्रत्येक कोपऱ्यात, म्हणजे गेलेल्याला कळतं की आता निघायचं. सगळं रीतसर. फक्त, आणि हे रेवीमामाने आजीच्या शपथेवर कबूल केलं, फक्त कोठीची खोली राहिली. कारण लोकांनी आणलेले पाव, मासे, बटाट्यांची पोती, सगळं मामानेच कोठीत कोंबलेलं, दार उघडेना, टेओकाका दारापाशी थांबले, म्हणाले, "इथे काय आहे?" आणि मामाला सकाळपासून पोटात काही नाही, मागून तळलेल्या पावाचा वास येतोय, तो म्हणाला, "काही नाही काका, बटाटे आहेत, पुढे चला." आणि खाण्याच्या ढिगाऱ्यात प्रार्थना कशी म्हणायची म्हणून काकाही पुढे गेले. झालं. सगळ्या घरातून आजोबांना निरोप दिला आणि कोठीत ठेवून घेतलं.

मग टेओकाकांना परत बोलवायचं की नाही? मामा म्हणाला आजच बोलवू. आजी म्हणाली, "बघू." दुसऱ्या आठवड्यातही "बघू." आणि मला दिसत होतं ना, आजी चहा करताना कोठीच्या दाराशी उभी राहून भांडायची. "मेलास ना तू? मग नीट मर की. पीठ कुठे ठेवलंस? साखरेला हात लावायचा नाही, सांगून ठेवते." आणि दार जरा उघडं ठेवायची. गेल्या वसंतापासून आजी इतकी बोलली नव्हती. गाल पण लाल झाले होते तिचे. आता अशा बाईला कोण सांगणार?

या सगळ्यात नायरी मावशी गप्प. आणि मावशी गप्प म्हणजे पोट दुखत असणार, असं आम्ही धरूनच चालतो. तिला आतड्यांचा आजार आहे, माझ्याएवढी होती तेव्हापासून. म्हणजे आतडी आतून सुजतात, सोलवटतात, रक्त जातं, महिनोन्महिने बरी असते आणि मग एकदम नाही. वाईट दिवस असले की ती संडासातच, आणि मामा बाहेरून दार वाजवून, "साहेब मीटिंगमध्ये आहेत का?" आणि मावशी आतून, "साहेब तुलाच कामावरून काढायचा विचार करताहेत." असं आमचं चालतं. फार वाढलं की तिला त्या पांढऱ्या गोळ्या देतात, स्टेरॉइडच्या. त्या घेतल्या की सूज उतरते, भूक लागते, चेहरा चंद्रासारखा गोल होतो, ती पहाटे उठून भिंती घासते, आणि सगळे म्हणतात, "काय नायरी, छान दिसतेस, तब्येत भरली." गेली कितीतरी वर्षं ती अशी भरते आणि ओसरते, आपल्या बंदरासारखी. पाठही दुखायची तिची. पण तुम्हीच सांगा, एप्रिलात टीटीची, त्या समुद्रपक्ष्यांची, पिल्लं बिळांतून धरायला बेटावर जाणाऱ्या माणसांत पाठ कुणाची दुखत नाही? आमच्याकडे पाठ दुखत नाही म्हटलं तर लोक विचारतात, काम करत नाहीस वाटतं.

आणि त्याच दिवसांत सगळे मला म्हणायला लागले, "मेरेआना, किती उंच झालीस गं." चर्चमध्ये, दुकानात, मासे विकणारी ती बाई तर दर वेळी. "मागच्या उन्हाळ्यात मावशीच्या हनुवटीला लागत होतीस, आता बघ, कानाला लागलीस." मावशी हसायची. मीही हसायचे. मग शाळेत आमची तपासणी झाली, वजन, उंची, डोळे. नर्सबाईंनी पट्टी माझ्या डोक्यावर टेकवली, मागच्या वर्षीचा आकडा बघितला, म्हणाल्या, "तू काही वाढली नाहीस हं, बाळ. तितकीच आहेस."

तितकीच आहे.

मी तशीच त्या पट्टीखाली उभी. मागच्या मुली म्हणताहेत, "ए, सरक की." आणि मला सरकता येईना. कारण मी जर तितकीच आहे, आणि मावशीच्या कानाला लागले आहे... बसमध्ये मी सारखी लोकांच्या डोक्यांकडे बघत होते. घरी आले. मावशी दारात पाठमोरी उभी होती, तिच्या झग्याची कड जमिनीला टेकत होती, आणि कडेला चिखल लागून वाळलेला होता. तोच झगा, तो घोट्याच्या जरा वर असायचा. मला आठवतंय ना.

मी काही बोलले नाही. बोलणार काय? "मावशी, तू कमी होते आहेस"?

मग फोटो उतरला.

आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या फोटोंची भिंत आहे, तुमच्याकडेही असेल. पणजोबा, मोठी आजी, समुद्रात गेलेला काका, आणि शेवटी आजोबा. सगळे एका ओळीत. मावशी रोज सकाळी आजोबांच्या फोटोला आमच्या रीतीप्रमाणे नाकाला नाक लावून भेटायची, जिवंत असताना भेटायची तशीच. काचेवर तिच्या नाकाचा डाग असायचा, आजी रोज पुसायची. आणि एका सकाळी सगळे आपल्या जागी, आणि आजोबा चार बोटं खाली. ओळीतून उतरलेले. जसं काही बाकीच्या मेलेल्यांना म्हणताहेत, तुम्ही व्हा पुढे.

मामाने त्या दिवशी घरी जेवायचंच सोडलं. दारातून ताट घेतलं आणि अंगणात उभ्याने खाल्लं. आजी मात्र फोटोसमोर खुर्ची टाकून बसली, म्हणाली, "इथे बसलं की आता बरोबर नजरेला नजर होते." आणि माझ्या हातावर काटा, तो असा, की स्वेटरमधून दिसेल.

कळलं ते गारांमुळे. आमचा नेटबॉलचा सराव होता, गारा पडल्या, सराव बंद, मी दुपारीच घरी. मागच्या दाराने शिरले, पायातलं काढलं, आणि आतून ठक, ठक, ठक. आजी दवाखान्यात गेलेली, मामाच्या गाडीतून. घरात कुणी नाही. ठक, ठक. मी भिंतीला धरून धरून गेले. दिवाणखान्यात, भर दुपारी, पडदे ओढलेले, आणि आजोबांचा फोटो काखेत घेऊन, तोंडात खिळे धरून, हातात हातोडी, नायरी मावशी.

तिने एकेक खिळा तोंडातून काढला.

"तू अशी मांजरासारखी येतेस," ती म्हणाली, "घंटा बांधायला हवी तुला." मग म्हणाली, "आणखी थोडा खाली घ्यायचा होता. पुन्हा हनुवटीलाच लागायला लागलं माझं नाक."

आणि मग जमिनीवर बसली, बसली म्हणजे भिंतीला धरून उतरली, त्या वस्तूंसारखीच, आणि सगळं सांगितलं. कप तिनेच, दोरी तिनेच, आरसा तिनेच, तोही अंदाज चुकून जरा जास्तच खाली. हात पोचेनात. कळलं नाही कधी सुरू झालं ते, तिला वाटायचं फळ्याच वर गेल्यात. "एक सकाळ तर मी आरशासमोर उभी होते, मेरेआना, आणि त्याच्यात मला फक्त केस दिसत होते. म्हटलं, बाकीची मी कुठे गेले?" मग दवाखान्यातल्या सिस्टर लेओटांचा फोन आला. त्या आतड्यांच्या पेशंटचं बघतात. म्हणाल्या, नायरी, हाडांची तपासणी दोनदा चुकवलीस, पाठ कशी आहे, उंची मोजलीस का? मावशीने काय केलं असेल? आवाज बदलून, "राँग नंबर," म्हणाली. सिस्टर म्हणाल्या, "नायरी, मी तुला पंधरा वर्षं ओळखते."

तर सिस्टरनी जे सांगितलं ते मावशीने मला सांगितलं, त्यांच्याच आवाजात, तो मऊ आवाज, ज्यात काही मोडलं तरी कळू नये. "हे बघ नायरी, हाड म्हणजे दगड नव्हे. ते रोज थोडं मोडतं आणि रोज थोडं बांधलं जातं. तुझं आतडं सुजलेलं, त्यामुळे खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, म्हणजे बांधायला माल नाही. ती सूज काही पोटातच बसून राहत नाही, ती रक्तातून हाडांपर्यंत निरोप धाडते, मोडणं चालू ठेवा. आणि आपण ज्या गोळ्यांनी सूज उतरवतो, त्या गोळ्या बांधणाऱ्यांना सुट्टी देतात. आणि तुमच्याकडे ऊन म्हणजे पाहुणा, म्हणजे ड जीवनसत्त्वही नाही. मणके आतून जाळीदार होतात, मधाच्या पोळ्यासारखे. मग खोकलीस किंवा बादली उचललीस की एखादा दबतो. कधी दुखतं, कधी कळतही नाही. माणूस नुसता थोडा खाली येतो."

थोडा खाली येतो. तुम्हाला सांगते, दुपारच्या त्या अंधारात, गारा पत्र्यावर, आणि मला वाटलं मला ऐकू येतंय. तिच्या आत. कुणीतरी बारीक बारीक काहीतरी चावतंय.

मी विचारलं, म्हणजे मी चक्क बोलले, "मग बेटावर?"

"बेटावर जाणारच." ती म्हणाली. "बाबा गेल्यानंतरची पहिली खेप आहे. त्यांची झोपडी, त्यांची जमीन. त्या दाराला पहिला हात मी लावणार, रेवी नाही. परत आले की करीन तपासणी."

"पण बादल्या... आणि बिळात हात घालायला पालथं पडायचं, ओढायचं, चढावर वाहून..."

"मेरेआना. तू बघितलं नाहीस. आईला वाटतंय बाबा आहेत, वाटू दे, बरं वाटतंय तिला. बोट जाईपर्यंत शब्द काढायचा नाही. शपथ घे."

आता मला सांगा, बेटावर डॉक्टर आहे का? नाही. दुकान? नाही. वादळ असलं की हेलिकॉप्टर? ते पण नाही. तिथे त्या चढावर, खारवलेल्या पिल्लांच्या बादलीखाली, एक मणका दबला, दुसरा दबला... मी रोज बघत होते तिच्या पाठीकडे. ती खोकली की मी दचकायचे. सांगायचं तर शपथ मोडते, आजीच्या हातून आजोबाही जातात. नाही सांगायचं तर मावशी जाते. आणि मी कोण, तर हजेरीला हात वर करणारी.

मग मला एक सुचलं. बोलायचं नाही ना? नाही बोलणार.

मी कप वर ठेवले.

एवढंच. सकाळी सगळ्यांच्या आधी उठले, स्टुलावर चढले आणि कप वरच्या ओळीत. मावशी आली, हात नेहमीप्रमाणे खालच्या आकड्याकडे गेला, हातात चाळणी आली. तिने चाळणीकडे बघितलं. वर बघितलं. आजीकडे बघितलं, आजी कोठीच्या दाराशी म्हाताऱ्याला शिव्या देत होती. माझ्याकडे बघितलं, मी पाव खात होते, आणि माझं तोंड तुम्ही बघताच आहात, त्यावर कधी काही दिसतं का? दुसऱ्या दिवशी रेडिओ फ्रिजवर. मग दोरी. मावशी अंगणात ओली चादर हातात घेऊन उभी, दोरी डोक्याच्या वर, आणि तिचा चेहरा त्या चादरीसारखा. कारण बघा ना, सगळ्या घराला भूत आहे असं वाटत होतं तेव्हा तिला एकटीला माहीत होतं की भूत नाही, भूत म्हणजे ती स्वतःच. आणि आता भुतालाच कुणीतरी उत्तर देत होतं.

ती मला विचारायला आली. "तू?" मी काही बोलले नाही. नेहमी तसंच असतं, त्यामुळे तिला काही कळलं नाही.

मग मी फोटो वर लावला, जुन्याच खिळ्यावर. सकाळी मावशी भेटायला गेली. मी दाराआडून बघत होते. डोळे मिटून पुढे झाली, रोजच्यासारखी, आणि तिचं नाक आजोबांच्या टायला लागलं. तिने डोळे उघडले. टाचा उंचावल्या. पोचेना. मग ती तिथेच उभी राहिली, कपाळ त्या टायवर टेकून, आणि म्हणाली, "बाबा, मी एवढी लहान झाले का हो?"

मला तेव्हाच जाऊन सांगायला हवं होतं. पण मी दाराआडच राहिले.

आणि पुढचं जे आहे ते मी केलेलं नाही. हे मी तुम्हाला आजोबांच्या फोटोची शपथ घेऊन सांगते. बेटावरची मावशीची पिशवी, तिचे बूट, मेणकापडाचा कोट, कमरेचा पट्टा, सगळं भरून दाराशी ठेवलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी दाराशी नव्हती. घरभर शोधली. शेवटी आजी म्हणाली, "कोठीत बघा." कोठीत, छताजवळच्या त्या मोठ्या आकड्याला, जिथे पूर्वी खारवलेले मासे टांगायचे, तिथे पिशवी. हलत होती. जरा जरा. आता त्या आकड्याला शिडीशिवाय कुणाचा हात पोचत नाही, माझा तर स्टुलावरूनही नाही, आणि शिडी मामाच्या घरी, आणि मामा कोठीत पाय टाकत नाही. आजी माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "फार वर ठेवलीस गं." कपांचं तिने ताडलं होतं बहुतेक. मी मान हलवली, मी नाही. मग तिने पुन्हा एकदा वर बघितलं.

मावशी पिशवीखाली उभी राहिली. हात वर केला, सवयीने. मग खाली घेतला आणि म्हणाली, "बरं. नाही जात. घ्या."

त्याच दुपारी सिस्टरना तिनेच फोन केला. "राँग नंबर बोलतेय," म्हणाली. इन्व्हरकार्गिलला गेलो, मी बरोबर होते. एका पलंगावर ती उताणी आणि तिच्यावरून एक यंत्राचा हात सावकाश फिरत होता, स्पर्श न करता, काहीतरी वाचत असल्यासारखा. मग बाजूने काढलेला पाठीचा फोटो. सिस्टर लेओटांनी दाखवला. मणके एकावर एक, कपांसारखे, आणि मधले तीन असे, पाचरीसारखे, कुणी पाय दिलेले. "हे जुने आहेत," त्या म्हणाल्या, "केव्हा झाले ते तुलाही सांगता यायचं नाही. हे परत उंच होत नाहीत, नायरी. पण पुढचे वाचवता येतात." आता शिरेतून औषध मिळणार आहे हाडांसाठी, आतड्याचंही औषध बदलतायत, म्हणजे त्या पांढऱ्या गोळ्या हळूहळू कमी करता येतील, एकदम नाही, एकदम सोडायच्या नसतात. आणि ओझं उचलायचं नाही. सिस्टर म्हणाल्या, "बेटावर गेली असतीस तर..." मावशीने खिडकीबाहेर बघितलं. बरोबर दक्षिणेकडे.

घरी जेवताना तिने सगळं सांगितलं. म्हणाली, "आई, वस्तू खाली मीच आणत होते." मामा इतका खूश झाला, म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं? भूतबीत काही नसतं." आणि कित्येक आठवड्यांनी दाराकडे पाठ करून बसला. आजीचा चमचा मात्र हातातच राहिला. मग तिने विचारलं, "आणि वर?"

मावशी म्हणाली, "वर मी नाही."

मामा उठून परत पलीकडे जाऊन बसला. आजीने चमचा तोंडात घातला, शांतपणे चावलं, म्हणाली, "मला माहीत होतं. पोरीची पाठ वाचवायला थांबला तो. कोठी तुडवायची नाही, सांगून ठेवते."

मी काही बोलले नाही. आता तुम्हीच सांगा, सगळ्यांदेखत बोलले असते तर? आजीच्या हातून आजोबा गेले असते, आणि मावशी, ती मावशी आहे, कप एका पोरीने ठेवले होते कळलं की पिशवी घेऊन आत्ता या बोटीत बसली असती, मणके गेले खड्ड्यात. म्हणून म्हणते, बोट सुटेपर्यंत तुम्हीही तोंड मिटून...

पण खरी गंमत पुढेच झाली. त्याच जेवणात मामा म्हणाला, "मग नायरीच्या जागी कोण? बिळात खांद्यापर्यंत हात जायला हवा, बारीक आणि लांब. माझा तर कोपरालाच अडकतो." आणि सगळे एकदम माझ्या हातांकडे बघायला लागले. आजी म्हणाली, "उंचही झालीय आता." मी मेले तरी उंच झालेली नाही, शाळेत मोजलंय. मावशी म्हणाली, "मेरेआना, जाशील ना? बाबांच्या दाराला पहिला हात तू लाव, माझ्या वतीने." आणि तुम्हाला सांगते, त्या बिळांची मला इतकी भीती वाटते, काळीकुट्ट, ओली, मातीचा वास, आत हात घालायचा आणि आपला हात आपल्याला दिसत नाही, आणि आत जे काही आहे ते आधी तुम्हाला धरतं. मला नाही म्हणायचं होतं. अगदी ओठांवर होतं.

मी काही बोलले नाही. आणि आमच्या घरात गप्प बसलं की हो धरतात.

पण आज नाही. आज मी ठरवलंय. तुमच्यासमोर एवढं बोलले, घसा कोरडा पडला, म्हणजे मला बोलता येतं, हे सिद्धच झालं ना? तर आता मावशी शेडमधून आली की मी सरळ उभी राहणार, तोंड उघडणार आणि सगळ्यांदेखत, स्पष्ट, ठणकावून सांगणार, की मावशी, तुझ्या बेटाबद्दल मला प्रेम आहे, आजोबांबद्दलही आहे, पण मी काही त्या बिळात हात घालायला...

"मेरेआना, ऊठ. बोट लागली. चढ पटकन, वारा फिरायच्या आत."

...आले, मावशी.